"तिले कोनी इचारत नाई काय, कुठी चालली म्हणून?" (हेर नायिकांच्या कादंबऱ्या आणि आमची वेचणी)

पऱ्हाटीवाली (धागाकर्ती)

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या चार एकरात कापूस फुटला होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून शाळेला सुट्टी असली की मीही कमरेला ओटी बांधून पातीवर उभी राहायचे. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, यष्टी दिवसातून दोनदा. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, पहिली वेचणी सुरू झाली. दोन दिवसांत सगळ्यांच्या सुना-सासवांच्या कहाण्या संपल्या. तिसऱ्या दिवशी एकजण म्हणाली, "मॅडम, एवढे पुस्तकं वाचता, एखांदी गोष्ट त सांगा."

त्या आठवड्यात माझ्या पिशवीत एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून तीस रुपयांत आणलेलं. मॉडेस्टी ब्लेझ. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: पीटर ओ'डोनेल या इंग्रज लेखकानं १९६३ साली लंडनच्या एका सांजदैनिकात या बाईची चित्रमालिका सुरू केली, १९६५ला पहिली कादंबरी आली. युद्धात नावगाव सगळं हरवलेली एकटी पोर. निर्वासितांमध्ये तिला एक म्हातारा विद्वान भेटतो, ती त्याला सांभाळते, तो तिला भाषा शिकवतो. मोठी झाल्यावर ती स्वतःची टोळी चालवते, भरपूर कमावते, आणि मग सगळं सोडून देते. घरी बसून कंटाळते तेव्हा ब्रिटिश हेरखात्याचा एक वयस्कर साहेब अडलेली कामं घेऊन तिच्या दारात येतो. सोबतीला विली गार्विन, सुरी फेकण्यात पटाईत. तो तिला 'प्रिन्सेस' म्हणतो, तिच्यासाठी जीव टाकतो, पण दोघांत प्रेमप्रकरण नाही. शेवटपर्यंत नाही.

मी वऱ्हाडीत सांगायला लागले. मॉडेस्टी कोणाच्या जिभेवर बसेना, तिची मंदा झाली. गार्विनचा गोविंदा झाला. मला वाटलं होतं, मारामारीला बाया दाद देतील. पहिलीच मोठी मारामारी मी हातवारे करून रंगवली. सगळ्या गप. मग साठीच्या एका बाईनं बोंडातला हात थांबवून विचारलं, "पण मॅडम, तिले कोनी इचारत नाई काय, कुठी चालली म्हणून?"

"नाही."

"अन् कवा येशीन म्हणून?"

"तेही नाही."

"मंग त मजाच हाय बाप्पा तिची."

त्यानंतर रोज सकाळी पहिला प्रश्न, "मंदा आज कुठी गेली?" त्यांना गोळीबार नको होता. मंदा घरून निघते कशी, पिशवीत काय भरते, पैसा कोणाच्या नावावर आहे, कुलूप कोण लावते, हे हवं होतं. एका दिवशी मी पाऊण तास फक्त तिच्या बॅगेवर बोलले. मीही कॉलेजपासून असली पुस्तकं वाचते आहे. मला वाटायचं, मला थरार आवडतो. आता वाटतं, मलाही त्या बॅगेचंच आवडत असेल. तुमचं काय? हेर बाईच्या कादंबरीत तुम्हाला नेमकं काय धरून ठेवतं?

---

धुऱ्यावरचा

मंदा आणि गोविंदा 😂 ताई, तुमी लेखकाले भेटाले पाह्यजे होतं.

आमच्या घरी हे येड माह्या मावशीले होतं. यष्टी स्टँडवरच्या टपरीतून रहस्यकथेचे छोटे पुस्तकं आणाची, पिठाच्या डब्ब्यात ठेवाची. त्या पुस्तकात बाई म्हणजे एकतर पळवून नेलेली नाईतर दगा देनारी. मावशी म्हने, "हिले बांधून ठेवलं, सोडवाले लोक येऊन रायले, पन दोरी सोडाले नखं नाईत काय हिले?" मी लहान होतो, मले वाटे मावशी चिडखोर हाय.

हेरगिरी म्हटलं की आपल्या डोक्यात बहिर्जी नाईक. बाई हेर म्हटलं की पहिले विषकन्याच आठवते. काहून?

---

कोरडवाहू

थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

या कादंबऱ्या पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिल्या आहेत. नायिका उंच, देखणी, कपडे अंगाला चिकटलेले. शत्रू तिच्याकडे बघत राहतो आणि तेवढ्यात ती त्याला लोळवते. हे डावपेच म्हणून लिहिलंय की वाचणाऱ्याला बघायला मिळावं म्हणून, ते कळायला फार अक्कल लागत नाही. तिच्या जागी पुरुष ठेवला तर गोष्टीत काहीही बदलत नाही. मग तिला बाई कशाला म्हणायचं? शेतातल्या बायांना तुम्ही तुमची मंदा सांगितली, ओ'डोनेलची नाही. दाद तुम्हाला आहे, पुस्तकाला नाही.

---

पऱ्हाटीवाली

कोरडवाहू दादा, अर्धं मान्य. अशा जागा पुस्तकात आहेत, मी त्या वगळून सांगितल्या. सुटाबुटातल्या साहेबाची भीती नव्हती, पातीवर सासवा होत्या.

पण ही बाई कुठून आली ते ऐका. १९४२मध्ये ओ'डोनेल फौजेत होता, बिनतारी संदेशाच्या तुकडीत, उत्तर इराणात. तिथं त्याला एक निर्वासित मुलगी दिसली, एकटी, असेल बारा वर्षांची. गळ्यात दोरीनं एक लाकडाचा तुकडा अडकवलेला, त्याला खिळा बांधलेला. ते तिचं हत्यार. त्यांनी तिला खायला दिलं. तिनं खाल्लं, सोबत दिलेलं घेतलं आणि चालत निघून गेली. वीस वर्षांनी कर्तबगार नायिका हवी म्हटल्यावर त्याला ती पोर आठवली. तेव्हा चिकटलेले कपडे नंतर आले असतील, आधी तो खिळा होता.

अजून एक गंमत. याच माणसानं 'मॅडलिन ब्रेंट' या बाईच्या नावानं नऊ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीला १९७८ साली इंग्लंडमधल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे हेर बाईवर लिहिणारा स्वतः बाईच्या वेषात फिरत होता. पुरुषांसाठी लिहिणारा एवढी खटपट कशाला करेल?

---

कोरडवाहू

पैशासाठी. पण खिळ्याची गोष्ट चांगली आहे. ती माहीत नव्हती.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात आहे. ड वर्ग म्हणजे वाचनालयांची सगळ्यात खालची सरकारी श्रेणी; ती ज्यांना माहीत आहे त्यांना माझा पगारही माहीत असेल, पुढे जाऊ.

बायांच्या नावे सभासद थोडे, पण पुस्तकं बायाच वाचतात. कार्ड नवऱ्याच्या किंवा पोराच्या नावावर. पोरगा येतो आणि म्हणतो, "आईनं सांगितलं, पाठमोरी बाई हाय तेच द्या." मुखपृष्ठावर पाठमोरी उभी, हातात पिस्तूल. नाव कोणाला आठवत नाही, पाठ आठवते.

परत आलेल्या पुस्तकावरून मला कळतं कुठवर वाचलं. सामाजिक कादंबरीवर हळदीचे डाग पहिल्या चाळीस पानांत, नंतर कोरी. हेरकथेवर डाग शेवटपर्यंत. एका पुस्तकात १८० व्या पानावर बसचं तिकीट खूण म्हणून होतं, गाव ते अकोला, एकच माणूस. मी ते काढलं नाही, पुढच्या वाचकासाठी तसंच राहू दिलं.

कोरडवाहू म्हणतात ते खोटं नाही. मराठीत या प्रकारची पुस्तकं कमी आणि आहेत त्यांतही नायिका तिसऱ्या प्रकरणात प्रेमात पडते. तिथं डाग कमी होतात. माझं निरीक्षण आहे, शास्त्र नाही.

---

चार_वाजता_धावणारी

मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्याकडे मैदान नाही, डांबरी रोडवर धावते, पहाटे चारला, कारण सहानंतर लोक बघतात. आई धुऱ्यावर टॉर्च घेऊन बसते. डुकरं येतात म्हणते, पण डुकरांसाठी बसत नाही ती.

मला या पुस्तकांतली तयारीची पानं आवडतात. नायिका रोज सराव करते, दमते, पडते, पुन्हा करते. आणि तिच्या दंडाकडे बघून कोणी म्हणत नाही की आता हिला स्थळ कसं येईल. बाकी गोष्ट कशीही असो चालते.

---

वर्धेकाठचा

इतिहास शिकवतो, म्हणून राहवत नाही. कोरडवाहूंनी विचारलं, तिच्या जागी पुरुष ठेवला तर काय बदलतं. खऱ्या हेरगिरीत सगळं बदलायचं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेच्या फ्रान्स विभागानं ३९ बायांना जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरवलं. दया म्हणून नव्हे. १९४३पासून तरण्या फ्रेंच पुरुषांना सक्तीनं जर्मनीत कामाला नेत होते, त्यामुळे रस्त्यावर तरणा माणूस दिसला की कागदपत्रं मागायचे. सायकलवर भाजीची टोपली घेऊन चाललेल्या बाईला अडवायचं कारण नव्हतं. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, हीच तिची लायकी ठरली.

नूर इनायत खानचं नाव ऐकलं असेल. टिपू सुलतानच्या वंशातली, लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. जून १९४३मध्ये ती बिनतारी यंत्र चालवायला पॅरिस भागात गेली. यंत्राची सुटकेस सुमारे १५ किलोची. आठवड्याभरातच तिचे सहकारी धरले जाऊ लागले, तिला परत यायला सांगितलं, ती आली नाही. जागा बदलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरात कोणीतरी तिची माहिती विकली. दोनदा पळायचा प्रयत्न केला. १३ सप्टेंबर १९४४ला जर्मनीतल्या दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तिचं सांकेतिक नाव काय होतं माहीत आहे? मॅडलिन. पऱ्हाटीवालींनी वर सांगितलेल्या टोपणनावाशी याचा संबंध आहे असं म्हणत नाही, पण वाचताना काटा आला.

आणि एक चूकही सांगतो, कारण कादंबरीत ती कधीच होत नाही. पाठवलेले संदेश तिनं वहीत उतरवून ठेवले होते. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या नावानं ते लंडनला खोटे संदेश पाठवत राहिले.

दुसरी, अमेरिकेची व्हर्जिनिया हॉल. १९३३मध्ये शिकारीत गोळी लागून डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पायाला तिनं 'कथबर्ट' नाव ठेवलं होतं. १९४२च्या हिवाळ्यात तो पाय घेऊन पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये निसटली. जर्मन तिच्या मागावर होते, तरी १९४४मध्ये ती फ्रान्समध्ये पुन्हा गेली, खेड्यातल्या म्हातारीच्या वेषात. केस पांढरे केले, अंगावर जाड लुगड्यासारखे थरावर थर घागरे, लंगडणं लपेल अशी फरपटती चाल. शेळ्या राखायची आणि सैनिक काय बोलतात ते ऐकायची.

आता सांगा, आपल्या गावात शेळ्यांमागे फिरणाऱ्या म्हातारीसमोर लोक काय काय बोलून जातात?

---

धुऱ्यावरचा

सगळंच बोलते भौ. कोनाचं वावर गहान हाय, कोनाचं पोट्टं कोनासंगं दिसलं, सगळं. माही आजी वीस शेळ्या घेऊन फिरे. गावात कोनतीबी गोष्ट व्हायच्या पयले तिले ठाऊक. आमी म्हनत होतो, म्हातारीले देव सांगते.

---

माहेर_चंद्रपूर

इतके दिवस फक्त वाचत होते. शेळ्यांचं वाचून लिहायला बसले.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५पासून दारूबंदी होती, २०२१ला उठली. त्या मधल्या वर्षांत मी माहेरी होते, वर्धा नदीच्या काठावर. नदीपलीकडं यवतमाळ, तिकडं बंदी नाही. (पऱ्हाटीवाली ताई, तुमच्याच जिल्ह्यातून यायची, रागावू नका.) आमच्या बचत गटातल्या सात बायांनी ठरवलं, माल कधी येतो आणि कुठं उतरतो ते शोधायचं.

कोणीही काही वेगळं केलं नाही. जी शेळ्या न्यायची तिनं नदीकडच्या बाजूनं नेल्या. एक हापशीवर पहाटे पाणी भरायची, तिनं दोन गुंड (हंडे) जास्त भरले. आंगणवाडीच्या मदतनीस बाईला कोणतं पोर आज झोपेतून उठलेलं येतं ते दिसायचं, म्हणजे रात्री त्या घरी जाग होती. बैलबंडीत कुटाराखाली (जनावरांच्या भुशाखाली) माल यायचा. कुटार घ्यायला आलेली बंडी भरलेली कशी येते, हे एका बाईच्या ध्यानात आलं, पुरुषांच्या नाही. खूण होती भिंतीवरचं घमेलं. उपडं असलं की आज आहे.

पहिल्यांदा फोन केला, पण कोणी पोचायच्या आत गोठा रिकामा. दुसऱ्यांदा आम्ही सातजणी आधी गोठ्याच्या दारात जाऊन बसलो, मग फोन केला. तांदूळ निवडत बसलो होतो. गोठ्याच्या मालकानं विचारलं, इथं काय करता? आमच्यातली एक म्हणाली, सावली चांगली आहे.

मी तेव्हा अशी पुस्तकं वाचलेली नव्हती. नंतर लग्न होऊन आले, इथं वाचनालयात एक मिळालं, आणि वाचताना सारखं वाटायचं, हे तर मला येतं.

---

चार_वाजता_धावणारी

"सावली चांगली आहे" 🙏🙏

---

कोरडवाहू

माहेर_चंद्रपूर, हात जोडतो. पण आता माझा मुद्दा पक्का होतो, मोडत नाही.

कादंबरीत काम झालं की नायिका निघून जाते. विमान येतं, बोट येते, पुढच्या पानावर ती समुद्रकाठी कॉफी पीत असते. तुम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच हापशीवर जायचं होतं. ज्याचा माल पकडला त्याचं घर चार घरं सोडून. ही पुस्तकं नेमकं तेवढंच झाकतात. आणि वर्धेकाठच्यांच्या नूरलाही कोणी परत आणलं नाही. मग जे खोटं आहे त्याचीच गोडी लागते, असं म्हणायचं का?

---

माहेर_चंद्रपूर

हो, झालं तसं. महिन्याभरानं आमची कुटाराची गंजी जळली. कोणी जाळली ते सिद्ध झालं नाही. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग स्वतःच दुसऱ्या गावाहून कुटार आणायला गेले आणि जाताना म्हणाले, घमेलं आत घे, पाऊस येईल. एवढंच.

म्हणून मला ते निघून जाणं वाचायला आवडतं. खोटं आहे हे वाचणारीला कळतं हो. पुरणपोळीचा फोटो बघून कोणी पोट भरलं असं म्हणत नाही, तरी बघतोच ना.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

एक गोष्ट नजरेतून सुटते आहे. या नायिका एकट्या असतात असं आपण धरून चाललो. मॉडेस्टी एकटी नाही. ती अडकली तर गार्विन येतो, तो अडकला तर ती जाते, आणि कोणी कोणाला 'का गेलास' विचारत नाही. माझ्याकडच्या वाचक बाया परत देताना नायिकेबद्दल कमी बोलतात. "तो तिचा जोडीदार चांगला हाय, लग्नाचं नाव काढत नाई," असं तीनजणींनी तरी म्हटलंय. एकीनं तर विचारलं, असा मिळतो काय. मी म्हटलं, काकू, हे वाचनालय आहे.

---

पऱ्हाटीवाली

काकूंचं वाचून शाळेतच हसले, हेडसर बघत होते.

कोरडवाहू दादांचा प्रश्न मी काल जशाच्या तसा शेतात नेला. आता वेचणी संपत आली, तुरी सोंगणं चालू आहे. विचारलं, मंदा काम झालं की निघून जाते, मागं राहणाऱ्या बाईचं काय?

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पहिल्या दिवशीचीच साठीची बाई म्हणाली, "मांगं रायनारीची गोष्ट काय सांगाची मॅडम? ते त आमी हावच." तिची सून म्हणाली, "मंदाच्या घरी भांडे कोन घासते?" मी म्हटलं, पुस्तकात तिचा एक नोकर आहे, वेंग नावाचा, तो करतो सगळं. यावर जी चर्चा सुरू झाली ती दुपारच्या जेवणापर्यंत पुरली. गडी माणूस भांडी घासतो, स्वयंपाक करतो, आणि मंदा परत आली की फक्त जेवायला वाढतो. हेरगिरी, सुऱ्या, विमानं, सगळं त्यांनी विनातक्रार मानलं होतं. वेंगवर मात्र विश्वास बसेना. "हे त मॅडम तुमी मनचंच सांगून रायल्या."

---

कोरडवाहू

😂 बरं. हरलो नाही, पण बसतो.

ग्रंथपाल साहेब, तुमच्याकडे यातलं मराठीत काही आहे का? घरी मागणी आहे. माझ्यासाठी नाही.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

पाठमोरी बाई दोन आहेत. एक बाहेर गेलेली आहे, दुसरी बाईंडिंग सुटलेली. सुईदोरा मारून ठेवतो. कार्ड कोणाच्या नावानं करू?

---

कोरडवाहू

तिच्याच नावानं करा.